७५२ रन काढूनही पॅड्रेज घरी का बसले

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा (तिथली सगळ्यात वरची स्पर्धा) २०२३ चा सीझन संपला तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो पॅड्रेजच्या खात्यावर १६२ मॅचेसमध्ये काढलेले रन होते ७५२ आणि दिलेले रन ६४८. म्हणजे वर्षभराची बेरीज-वजाबाकी केली तर समोरच्यांपेक्षा १०४ रन जास्त. असा हिशोब असलेली टीम सहसा नव्वदच्या वर मॅचेस जिंकते आणि निवांत प्लेऑफला, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीला, जाते. पॅड्रेज जिंकले ८२, हरले ८०, आणि ऑक्टोबरमध्ये घरी बसून टीव्ही बघत होते. गंमत म्हणजे त्यांच्याच नॅशनल लीगमधल्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) मायामी मार्लिन्सने काढले त्यापेक्षा ५७ रन जास्त दिले होते, ॲरिझोना डायमंडबॅक्सने १५ जास्त दिले होते, आणि या दोन्ही टीम ८४ मॅचेस जिंकून प्लेऑफला गेल्या. ॲरिझोना तर चक्क वर्ल्ड सिरीज, म्हणजे फायनल, खेळली.

त्या वर्षी सॅन डिएगोत जो भेटेल तो एकच सांगायचा, यांची बॅटिंग लहरी आहे, एक दिवस दहा मारतात आणि मग तीन दिवस झोपतात. आमच्या इथल्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा त्याला अपवाद नव्हता, इथे क्वालकॉम आणि बायोटेकमुळे आपली माणसं भरपूर आहेत आणि एकदा का दोन-चार वर्षं झाली की क्रिकेटवाले सगळे हळूहळू बेसबॉलवर पण मतं द्यायला लागतात. तर हे लहरी प्रकरण किती खरं आणि किती आपल्या डोक्यातलं, ते आज जरा नीट उलगडून बघू. बेसबॉल माहीत नसला तरी चालेल, क्रिकेट माहीत आहे एवढं मी धरून चालतो.

आधी रन कसा होतो ते. चार बेस असतात, बॅटर होम प्लेटवरून निघून पहिला, दुसरा, तिसरा असं करत परत होमला आला की एक रन. एका टीमला नऊ इनिंग्ज, प्रत्येक इनिंगमध्ये तीन आउट, आणि तीन आउट झाले की त्या क्षणी बेसवर जे कोणी उभे असतील ते तसेच परत जाणार, त्यांच्या नावावर काही नाही. ही शेवटची गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. क्रिकेटमध्ये एक रन पळून काढला की तो जमा झाला, पुढचा माणूस पहिल्या बॉलवर गेला तरी तो एक रन कुणी काढून घेत नाही. इथे तुम्ही तिसऱ्या बेसपर्यंत पोचलात, होम प्लेट नव्वद फुटांवर आहे, आणि मागचा बॅटर आउट होऊन इनिंग संपली तर तुम्ही केलेल्या सगळ्या पळापळीची किंमत शून्य.

आता यातून काय होतं बघा. एखाद्या टीमने नऊ इनिंग्जमध्ये प्रत्येकी एक अशा नऊ साध्या हिट (बॉल मारून बॅटर पहिल्या बेसवर पोचला असे फटके) मारल्या तर नऊ हिट होऊनही रन शून्य असू शकतात. दुसऱ्या टीमने अख्ख्या मॅचमध्ये पाचच हिट मारल्या पण पाचही एकाच इनिंगमध्ये लागोपाठ बसल्या आणि पळताना कोणी आउट झालं नाही तर किमान दोन रन होणारच, कारण पहिल्या तिघांनी तिन्ही बेस भरले की चौथा एकाला होमला ढकलतो आणि पाचवा दुसऱ्याला. म्हणजे किती हिट मारल्या याच्याइतकंच त्या एकापाठोपाठ एक आल्या की विखरून आल्या याला महत्त्व आहे. याला अपवाद होम रन. बॉल सरळ कुंपणाबाहेर गेला की बेसवर कोणी असो नसो, एक रन तरी नक्की, त्याला कोणाच्या साथीची गरज नाही. म्हणूनच हल्लीच्या टीम होम रनच्या एवढ्या मागे असतात, ती नुसती हौस नाहीये.

आणि एकापाठोपाठ एक येणं किती अवघड आहे ते थोडं गणित करून बघू, घाबरू नका, गुणाकारच आहे. २०२३ मध्ये अख्ख्या मेजर लीगमध्ये बॅटर कसाही करून, म्हणजे हिट मारून किंवा वॉक मिळवून किंवा अंगावर बॉल घेऊन, बेसवर पोचायचं प्रमाण होतं शंभरात ३२. वॉक म्हणजे पिचरने, म्हणजे इथल्या बोलरने, चार बॉल बाहेर टाकले की बॅटरला फुकटात पहिला बेस. मग लागोपाठ तिघे बेसवर पोचायची शक्यता किती, तर ०.३२ गुणिले ०.३२ गुणिले ०.३२, शंभरात जेमतेम तीन. हेच तिघे जर जरा बरे असतील, शंभरात ३५ वाले, तर शंभरात चारच्या वर. आणि कच्चे असतील, ३० वाले, तर तीनच्याही खाली. तीस आणि पस्तीस यात दिसायला फरक फार नाही पण तिघांची रांग लागायची शक्यता दीडपटीहून जास्त वाढते. म्हणजे चांगले बॅटर एकमेकांशेजारी असले की फायदा नुसता बेरजेने नाही वाढत, गुणाकाराने वाढतो, आणि मधे एक कच्चा माणूस घुसला की तो फक्त स्वतःचं नुकसान करत नाही, मागच्या-पुढच्या दोघांचं पण करतो.

पॅड्रेजची लाइनअप नेमकी इथे फसलेली होती. वर बघाल तर डोळे दिपतील. ह्वान सोटो, त्या वर्षी ३५ होम रन आणि १३२ वॉक, वॉकच्या बाबतीत अख्ख्या मेजर लीगमध्ये पहिला. मॅनी मचाडो, ३० होम रन. फर्नांडो टाटीस ज्युनियर, बंदी घातलेल्या औषधाच्या सस्पेन्शनमुळे एप्रिलच्या उत्तरार्धात आला तरी २५ होम रन. झँडर बोगार्ट्स, बोस्टनहून अकरा वर्षांच्या २८० मिलियन डॉलरच्या करारावर आणलेला. मचाडोचा करार ३५० मिलियनचा, टाटीसचा ३४०. अख्ख्या टीमचा पगार सीझनच्या सुरुवातीला २५० मिलियनच्या आसपास, मेजर लीगमध्ये तिसऱ्या नंबरचा. त्यात हा-सॉन्ग किमने बोनस दिल्यासारखी १७ होम रन आणि ३८ चोरलेल्या (हिट नसताना पळून घेतलेल्या) बेसची कामगिरी केली, ती कोणाच्या हिशोबातच नव्हती.

आणि खाली बघाल तर ट्रेंट ग्रिशमची ॲव्हरेज .१९८, कॅचर ऑस्टिन नोलाची .१४६, मॅट कार्पेंटरची .१७६. बेसबॉलची ॲव्हरेज म्हणजे वॉक वगैरे सोडून जेवढ्या वेळा बॅटिंग केली त्यातल्या किती वेळा हिट मारली, .२५० म्हणजे चारात एकदा, आणि त्या वर्षी लीगची सरासरी साधारण तेवढीच होती. .१४६ म्हणजे सातात एकदा. बॅटिंगची ऑर्डर नऊ जणांची, ती मॅचभर गोल फिरत राहते, इनिंग कुठे संपली तिथूनच पुढची सुरू होते. त्यामुळे वरचे चार एकत्र एकाच इनिंगमध्ये आले तर धमाल, पण इनिंग सहाव्या-सातव्या नंबरपासून सुरू झाली की तीन आउट कधी झाले कळायचं नाही, आणि सोटो वॉक घेऊन बेसवर उभा, त्याच्यामागचे एक-दोन जण काही करू शकले नाहीत की पुढे ऑर्डर संपलेलीच. जेक क्रोनेनवर्थसारखा एरवी भरवशाचा माणूस पण त्या वर्षी .२२९ वर अडकला.

तर इथे एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकू, कारण लोक दोन वेगळ्या तक्रारी एकाच पिशवीत भरतात. ७५२ रन ही संख्या मुळातच फार मोठी नाहीये. मॅचला ४.६ च्या आसपास पडतात, आणि २०२३ मध्ये अख्ख्या मेजर लीगची सरासरी पण तेवढीच होती. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जने ९४७ काढले, ३०७ होम रन मारून विक्रमाची बरोबरी केली. म्हणजे एवढे पैसे ओतून पॅड्रेजने जे मिळवलं ते सरासरी. थोडी सूट द्या, त्यांचं पेटको पार्क समुद्राच्या काठाला आहे, रात्रीची हवा दमट आणि गार, तिथे बॉल लांब जात नाही, पिचरचं मैदान म्हणून ते पहिल्यापासून प्रसिद्ध आहे. पण सूट देऊनसुद्धा या नावांकडून जास्त अपेक्षा होती हे कबूलच करावं लागतं. टीमला १०४ रन जास्त दिसले ते मुख्यतः पिचिंगमुळे, पिचर ब्लेक स्नेलने २.२५ च्या ईआरएने (फील्डरच्या चुकांचे सोडून नऊ इनिंग्जमागे पिचरने सरासरी किती रन दिले तो आकडा) सर्वोत्तम पिचरचं साय यंग अवॉर्ड नेलं आणि टीमने दिलेले ६४८ रन मेजर लीगमध्ये जवळपास सगळ्यात कमी होते.

ही झाली पहिली तक्रार, रन एकूणच कमी. दुसरी तक्रार वेगळी, की जे काढले ते चुकीच्या दिवशी काढले. आणि खरी मजा त्यात आहे.

सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २९ एप्रिलची मेक्सिको सिटीतली मॅच. मेजर लीगने पहिल्यांदाच तिथे रेग्युलर सीझनची मॅच ठेवली होती, शहर समुद्रसपाटीपासून २२०० मीटरच्या वर, हवा विरळ, बॉल हवेत गेला की थांबायचं नावच घेत नव्हता. पॅड्रेजने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना १६-११ हरवलं, दोन्ही टीम मिळून ११ होम रन. सोळा रन! आणि टेबलमध्ये त्याचे मिळाले किती, तर एक विजय. दुसऱ्या दिवशी ६-४ ने जिंकले, त्याचाही एकच विजय. त्या सोळातले पाच-सहा रन उचलून पुढच्या महिन्यातल्या एक-एक रनाने हरलेल्या मॅचेसमध्ये टाकता आले असते तर, असं प्रत्येक सॅन डिएगोवाल्याच्या मनात येऊन गेलं असणार.

आपल्याकडे सोसायटीत टँकरचं पाणी येतं त्याचा हिशोब आठवा. महिन्याला तीस टँकर आले, रोजचा एक, तर सगळं सुरळीत. पण तेच तीस टँकर दहा दिवसांत आले तर टाकी भरून वाहणार आणि उरलेले वीस दिवस बादल्या घेऊन फिरायचं, आणि सेक्रेटरी वर्षाच्या मीटिंगमध्ये सांगणार की पाणी तर पुरेसं आलं होतं. रनांचं हेच आहे. समजा तुमचा पिचर रोज तीनच रन देतो. तुम्ही तीन मॅचेसमध्ये ४, ४, ४ काढलेत तर तिन्ही जिंकलात. १०, १, १ काढलेत तर एकच. दोन्हीकडे बेरीज बाराच. तिसऱ्यावरून चौथा रन काढणं सोन्याच्या भावाचं आणि दहाव्यावरून अकरावा काढणं जवळपास फुकट, पण सीझनच्या बेरजेत दोन्ही एक-एकच मोजले जातात.

मग बेरजेवरून विजयांचा अंदाज कसा बांधतात? कॅन्ससच्या बिल जेम्स नावाच्या माणसाने, जो आधी डबाबंद बीन्सच्या कारखान्यात रात्रपाळीचा वॉचमन होता आणि बेसबॉलच्या आकड्यांत रमायचा, एक सोपं सूत्र दिलं. काढलेल्या रनांचा वर्ग करा, दिलेल्या रनांचा वर्ग करा, आणि पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या प्रमाणात मॅचेस जिंकायला हव्यात. वर्गांची बेरीज येते म्हणून त्याला पायथागोरसचं नाव चिकटलं, काटकोन त्रिकोणाचा काही संबंध नाही. पॅड्रेजचं करून बघा, ७५२ चा वर्ग ५,६५,५०४, ६४८ चा वर्ग ४,१९,९०४, भागाकार येतो साधारण ०.५७४, गुणिले १६२ म्हणजे ९३ मॅचेस. घातांक थोडा बदलून जरा नेमकं केलं तर ९२. आणि खरे जिंकले ८२. दहा मॅचेसचा फरक. हे सूत्र बहुतेक टीमच्या बाबतीत तीन-चार मॅचेसच्या आत-बाहेर बरोबर येतं, दहाचा फरक म्हणजे फार क्वचित दिसणारी गोष्ट.

हे दहा विजय गेले कुठे त्याचा पत्ता शोधायला फार लांब जावं लागत नाही. एका रनाच्या फरकाने ज्या मॅचेसचा निकाल लागला त्यात पॅड्रेज ९ जिंकले आणि २३ हरले. नऊ इनिंग्जमध्ये बरोबरी होऊन ज्या मॅचेस पुढे गेल्या त्यात २ जिंकले आणि १२ हरले, आणि त्यातही आधी ओळीने बारा हरले आणि मग सीझन हातातून निघून जात असताना दोन जिंकले. एका रनाच्या मॅचेसमध्ये नुसते १६-१६ असे बरोबरीत राहिले असते तरी एकूण ८९ विजय झाले असते, आणि त्या वर्षी प्लेऑफला ८४ पुरले होते. बस, एवढंच.

आता नाणं उडवलं तर असं व्हायची शक्यता किती, ते पण सांगतो. ३२ वेळा नाणं उडवून छापा नऊ किंवा त्याहून कमी वेळा पडायची शक्यता शंभरात एक. १४ वेळा उडवून दोन किंवा कमी वेळा पडायची शक्यता दीडशेत एक. ऐकायला हे अशक्य वाटतं पण दरवर्षी तीस टीम खेळतात, वर्षानुवर्षं खेळतात, तेव्हा शंभरात एक वाली गोष्ट दर तीन-चार वर्षांनी कोणाच्या तरी गळ्यात पडणारच, या वेळी ती आमच्या गळ्यात पडली. आणि हे दोन आकडे वेगवेगळे धरून एकमेकांना गुणू नका, पुढे गेलेल्या मॅचेस बऱ्याचदा एकाच रनाने संपतात, म्हणजे त्याच मॅचेस दोन्हीकडे मोजल्या जातात.

पण नुसतं नशीब म्हणून हात झटकायचे का? ग्रुपवर यावरून तुफान भांडण झालं. एक बाजू म्हणते की यांच्यात दम नाही, पैसा खाऊन सुस्त झालेत, प्रेशर आलं की पाय लटपटतात. दुसरी बाजू म्हणते सगळं नशीब. मला वाटतं दोघांचंही थोडं चुकतं, पण पहिल्या बाजूचं जास्त.

प्रेशरवाल्यांचा आवडता मुद्दा म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर माणूस उभा असतानाची बॅटिंग. तिथून एक साधी हिट बसली तरी बहुतेक वेळा रन होतो, म्हणून या प्रसंगाची ॲव्हरेज वेगळी मोजतात. पॅड्रेज सीझनचा बराच काळ यात लीगच्या तळाला होते, हे खरंच आहे. पण गंमत अशी की बेसबॉलमध्ये हे आकडे एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाला टिकत नाहीत. म्हणजे कोणी बॅटर मुळात चांगला असेल तर तो या प्रसंगातही साधारण चांगलाच निघतो, वेगळी अशी प्रेशरची कला फारशी सापडत नाही, आणि बऱ्याच जणांनी ती शोधून पाहिली आहे. कारण सोपं आहे, एका सीझनमध्ये एका बॅटरला असे प्रसंग दीडशेच्या आसपास मिळतात, त्यात पाच-सात बॉल फील्डरच्या हातात जाण्याऐवजी दोन फूट बाजूने गेले की ॲव्हरेज लगेच चांगली दिसायला लागते. जोरात मारलेला बॉल थेट शॉर्टस्टॉप या फील्डरच्या ग्लोव्हमध्ये जातो आणि बॅटच्या टोकाला लागून फुसका उडालेला बॉल दोघांच्या मधे पडून दोन रन होतात, हे रोजचं आहे.

आणि तसा दमच नाही म्हणायचं तर २०२२ चं काय करायचं? जवळपास हीच मंडळी, मचाडो, क्रोनेनवर्थ, किम, ग्रिशम, ऑगस्टपासून सोटो पण, आणि एका रनाच्या मॅचेसमध्ये रेकॉर्ड होतं ३०-१७. त्या वर्षी त्यांनी प्लेऑफमध्ये १०१ मॅचेस जिंकलेल्या मेट्सना आणि १११ जिंकलेल्या डॉजर्सना घरी पाठवलं. मग एका हिवाळ्यात सगळ्यांचे पाय लटपटायला लागले? उलट बाजूने मार्लिन्स बघा. २०२३ मध्ये ते एका रनाच्या मॅचेसमध्ये ३३-१४ होते, सगळ्यांनी लिहिलं काय ती जिगर, मॅनेजरला (म्हणजे हेड कोचला) अवॉर्ड मिळालं. पुढच्या वर्षी त्याच मार्लिन्सने १०० मॅचेस हरल्या. त्यात दुखापती होत्या, खेळाडू विकले हे पण होतं, मान्य, पण जिगर एवढ्या लवकर संपते का?

आता नशीबवाल्यांचं कुठे चुकतं ते. जवळच्या मॅचेसमध्ये शेवटच्या दोन-तीन इनिंग्जमध्ये कोण मैदानात आहे याला महत्त्व येतं. क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकणारा पिचर, जॉश हेडर त्या वर्षी जबरदस्त होता, ईआरए १.२८, पण तो एकच इनिंग टाकणार, जास्त नाही, आणि लीड असेल तेव्हाच मुख्यतः येणार. रॉबर्ट सुआरेझ, जो त्याच्या आधीची इनिंग सांभाळायचा, तो दुखापतीमुळे अर्धा सीझन बाहेर. त्यामुळे बरोबरीतल्या मॅचमध्ये सातवी-आठवी इनिंग म्हणजे छातीत धडधड. बॅटिंगच्या बाजूने बेंचवर दम नव्हता, म्हणजे आठव्या इनिंगमध्ये .१४६ वाल्याच्या जागी पाठवायला कोणी .२६० वाला हवा तर तो नव्हताच. समोरची टीम त्या वेळी आपला सगळ्यात वेगवान रिलीव्हर, म्हणजे मधे बदली येणारा पिचर, आणते, आणि आपल्याकडून उभे राहतात सात, आठ, नऊ नंबर. याला नशीब म्हणता येत नाही, ही टीम बनवणाऱ्याची चूक आहे.

दहाव्या इनिंगपासूनचा नियम तर बघण्यासारखा आहे. २०२० पासून आणला आणि २०२३ ला कायमचा केला, की दहाव्या इनिंगपासून प्रत्येक टीमचा एक माणूस आयताच दुसऱ्या बेसवर उभा करतात, मॅच लवकर संपावी म्हणून. एरवी रिकाम्या बेसने सुरू झालेल्या इनिंगमध्ये सरासरी अर्धा रन होतो, दुसऱ्या बेसवर माणूस असताना एकच्या थोडा वर. म्हणजे रन होणं सोपं, पण दोन्ही टीमला तेवढंच सोपं, त्यामुळे जी टीम एखादी साधी हिट वेळेवर मारते किंवा नुसता बॉल जमिनीवरून उजवीकडे ढकलून माणसाला तिसऱ्यावर नेते ती जिंकते. पॅड्रेजचे मोठे बॅटर मोठे फटके मारणारे, नाहीतर सोटोसारखे शांतपणे वॉक घेणारे, आणि वॉकने दुसऱ्या बेसवरचा माणूस जागचा हलत नाही. हे माझं मत आहे, चौदा मॅचेसवरून कोणी काही सिद्ध करू शकत नाही.

अजून एक बाजू राहिली, आपण बघणाऱ्यांची. मॅचला सरासरी साडेचार रन काढणारी टीम म्हणजे रोज चार किंवा पाच काढणारी टीम नव्हे. बेसबॉलमध्ये एका मॅचपासून दुसऱ्या मॅचपर्यंत रन तीन-तीनने वर-खाली होणं हे अगदी नॉर्मल आहे, कुठलीही टीम घ्या. सरासरी दर्जाची टीम दर चार मॅचेसमधल्या एकीत, किंबहुना त्याहून थोड्या जास्त वेळा, शून्य, एक किंवा दोन रनांवर अडकते. १६२ मॅचेसमध्ये असे चाळीस-पंचेचाळीस दिवस येणार, आणि ते सारख्या अंतराने येणार नाहीत, कधी तीन सलग येतील, कधी पंधरा दिवस एकही नाही. अटलांटाच्या लोकांना विचारा, ९४७ रनवाल्यांना, त्यांना पण अशा रात्री आठवतील. फक्त जिंकणाऱ्या टीमच्या फॅनला त्या टोचत नाहीत एवढंच. पेटको पार्कला त्या वर्षी विक्रमी, बत्तीस लाखांच्या वर तिकिटं गेली, एवढी माणसं पैसे देऊन येतात आणि त्यातल्या चारातली एक रात्र दोन रनांत संपते, मग लहरी हा शब्द तोंडात बसणारच.

सगळ्यात बोलका पुरावा मात्र २०२४ चा. २०२३ संपल्यावर मालक पीटर साइडलर नोव्हेंबरमध्ये वारले, मॅनेजर बॉब मेल्व्हिन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, सोटोला न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकलं, स्नेल आणि हेडर कॉन्ट्रॅक्ट संपून निघून गेले. सगळ्यांना वाटलं आता संपलं. आणि त्या टीमने किती रन काढले, ७६०. दिले ६६९. म्हणजे फरक ९१, आदल्या वर्षीच्या १०४ पेक्षा कमीच. आणि जिंकले किती, ९३! रनांचा हिशोब जवळपास तोच, विजय अकरा जास्त.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी, टीमची जात पण बदलली होती. मेच्या सुरुवातीला लुईस अराएझ आला, नुसता बॉलला बॅट लावत राहणारा, नॅशनल लीगमधल्या सगळ्यात जास्त ॲव्हरेजचं बॅटिंग टायटल घेऊन गेला. जॅक्सन मेरिल नावाचा एकवीस वर्षांचा पोरगा सेंटर फील्डला आला. ज्युरिक्सन प्रोफारला अचानक सूर सापडला. टीमची ॲव्हरेज .२६३, मेजर लीगमध्ये पहिली, आणि स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बॉल न मारताच आउट होणं, सगळ्यात कमी. शिवाय २०२४ मध्ये अख्ख्या लीगमध्येच रन कमी झाले होते, त्यामुळे ७६० चं वजन आदल्या वर्षीच्या ७५२ पेक्षा जास्त धरायला हवं. वरपासून खालपर्यंत सगळेच ठीकठाक, .१४६ वाला कोणी नाही, म्हणजे तो वरचा गुणाकार मधे तुटत नव्हता. ग्रुपवरचे प्रेशरवाले लगेच म्हणाले बघा, बॉलला बॅट लावणारे आणले आणि लहरीपणा गेला.

मग ऑक्टोबर आला. डॉजर्सविरुद्ध पाच मॅचेसची सिरीज, पहिली ७-५ हरले. दुसऱ्या मॅचमध्ये, ती पण लॉस एंजेलिसमध्येच, सहा होम रन मारले आणि १०-२ जिंकले. तिसरी घरी, दुसऱ्या इनिंगमध्ये एकाच झटक्यात सहा रन, ६-५ जिंकले, सिरीजमध्ये २-१ पुढे. आणि त्या दुसऱ्या इनिंगनंतर त्यांनी सिरीज संपेपर्यंत एकही रन काढला नाही. तिसऱ्या मॅचच्या उरलेल्या सहा इनिंग्ज, चौथी ८-० ने हरले, पाचवी २-० ने हरले, मिळून २४ इनिंग्ज शून्य. मेजर लीगमध्ये सगळ्यात जास्त ॲव्हरेज असलेली, सगळ्यात कमी स्ट्राइकआउट होणारी टीम. शेवटच्या मॅचमध्ये योशिनोबू यामामोटोने पाच इनिंग्जमध्ये दोनच हिट दिल्या, त्याच्यानंतर आलेल्यांनी तर कोणालाच बेसवर येऊ दिलं नाही. आणि डॉजर्सचे दोन रन आले कसे, तर किके हर्नांडेझ आणि टिओस्कर हर्नांडेझचा एक-एक होम रन, दोन्ही वेळा बेसवर कोणीही नसताना.